हे काम कलेच्या खात्यात मांडा

प्रति,
मा. संचालक,
सांस्कृतिक कार्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य



मी अमरावतीत राजापेठेला राहते आणि हौशी रंगभूमीवर नाटकं बसवते. आपल्या राज्य नाट्य स्पर्धेच्या अमरावती केंद्रावर आधी विंगेत, मग रंगमंचावर आणि नंतर दिग्दर्शनात माझी घडण झाली. गेली काही वर्षं रविवारी सकाळी बडनेरा रोडजवळच्या एका हॉलमध्ये मी ऑटिझम असलेल्या तरुण मुलामुलींना सोबत घेऊन नाटक करते. विशी-पंचविशीतली ही मंडळी. काही भरपूर बोलतात, काही अजिबात बोलत नाहीत. आमच्या हौशी गटातले नट आणि ही मुलं एकाच तालमीत असतात, वेगवेगळ्या वेळी नाही.

पत्राचं कारण आधी सांगते. राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणा झाली, याचा मला आनंद आहे. पण आमच्यासारखं काम दिसलं की सगळे त्या विभागाकडेच बोट दाखवतात. आम्ही हॉलमध्ये पुनर्वसन करत नाही, नाटक करतो. म्हणून त्याची मोजदाद नाटकात व्हावी आणि आपल्या संचालनालयाने त्यात पैसा, जागा आणि माणसं घालावीत, अशी माझी विनंती आहे. या तालमींनी सगळ्यांत जास्त बदललं ते आम्हाला, अनुभवी म्हणवणाऱ्या नटांना आणि दिग्दर्शकांना. तो बदल नेमका काय, ते जरा सविस्तर लिहिते, कारण माझी मागणी त्यावरच उभी आहे.

आमच्याकडे नटाला अगदी सुरुवातीला शिकवतात: समोरच्याच्या डोळ्यांत बघ, तू ऐकतोयस हे चेहऱ्यावर दिसू दे. आमच्या गटातला एक तरुण कुणाच्याच डोळ्यांत बघत नाही. प्रवेश चालू असतो तेव्हा तो खिडकीच्या गजांकडे तोंड करून उभा असतो. नवा माणूस म्हणेल, याचं लक्षच नाही. पण त्याच्या वाक्याची वेळ आली की वाक्य जागच्या जागी पडतं. आधीच्या नटाने एखादा शब्द गाळला असेल तर तो थांबून राहतो आणि तो शब्द म्हटला गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. संपूर्ण गटात सर्वांत काटेकोर ऐकणारा नट तोच आहे. त्याच्याबरोबर काम करू लागल्यापासून 'ऐकतोयस असं दाखव' ही सूचना मी बाकीच्या नटांनाही देत नाही. चेहऱ्यावरची कसरत गेली आणि कितीतरी प्रवेश सुटसुटीत झाले.

डेमियन मिल्टन नावाचे एक ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी असं मांडलं की ऑटिझम असलेल्या माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही हे अर्धंच खरं. इतरांनाही त्याचं मन तितकंच कळत नाही. अडचण दोघांच्या मध्ये आहे, पण दोष एकाच्याच माथी मारला जातो. नाटकवाल्याला हे फार झोंबतं. दुसऱ्याच्या मनात शिरणं हा आमचा धंदा, अशी आमची समजूत असते. प्रत्यक्षात आम्ही आमच्यासारख्यांच्याच मनात शिरत होतो.

दुसरी गोष्ट पुनरुक्तीची. आमच्याकडच्या एका मुलाचं बोलणं म्हणजे बरंचसं एसटी स्टँडवरच्या घोषणा. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला. मग परत बडनेरापासून. त्याची आई पहिल्यांदा त्याला घेऊन आली तेव्हा दारातच म्हणाली, "ताई, त्याले काही येत नाही असं समजू नका. त्याले समदं समजते. फक्त तो त्याच्या गाडीनं येते." याला इंग्रजीत इकोलालिया म्हणतात, आणि पूर्वी ती निरर्थक बडबड समजून थांबवण्याकडे सगळ्यांचा कल असे. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी ऑटिस्टिक मुलांच्या पुनरुक्तींचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून दिसलं, की मुलं त्यांतून होकार देतात, मागणी करतात, आपली बोलण्याची पाळी सांभाळतात, स्वतःला शांत करतात. आमच्या या मुलाचंही तसंच आहे. गावं सावकाश आली तर तो मजेत असतो. मूर्तिजापूर गाळून एकदम अकोला आलं की त्याला घरी जायचं आहे.

आम्ही ती गावं नाटकात घेतली. खंजिरीवर भजन म्हणणारा एक मित्र आहे. तुकडोजी महाराजांच्या मोझरीचा हा जिल्हा, खंजिरी इथल्या मातीतलीच. त्या मुलाच्या गावांना त्याने ठेका धरला. एका मुलीला खंजिरीच्या चकत्यांचा आवाज सहन होईना, कान दाबून ती भिंतीकडे गेली, तेव्हा चकत्यांना चिंध्या बांधल्या. राहिली नुसती चामड्याची थाप. त्या थापेवर चार गावांची नावं कमी-जास्त वेगाने येत राहतात, आणि त्या ठेक्यावर आमच्या नाटकातलं एक कुटुंब कामासाठी गाव सोडून निघतं. तिथे आधी मी संवाद लिहिले होते. ते काढून टाकले. वऱ्हाडातून पुण्याकडे निघालेल्या घराबद्दल माझ्या संवादांत जे नव्हतं ते त्या नावांत होतं. ही कल्पना माझी नव्हती, आणि कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलं आहे.

असं काही आम्हीच पहिल्यांदा केलं असं नाही. अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांच्या हातात १९७३ मध्ये एक ध्वनिफीत पडली. तीवर ख्रिस्तोफर नोल्स या ऑटिस्टिक मुलाचा आवाज होता. टीव्ही बघणाऱ्या एका एमिलीबद्दलची वाक्यं तो पुन्हा पुन्हा म्हणतो, दर खेपेला थोडी बदलून, वाढवून, तोडून. ऐकणाऱ्याला हळूहळू त्यातली रचना दिसू लागते. विल्सननी त्याला बोलावून घेतलं आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या आपल्या अवाढव्य प्रयोगात रंगमंचावर सोबत घेतलं. पुढे १९७६ मध्ये फिलिप ग्लास यांच्या संगीतासह 'आइन्स्टाइन ऑन द बीच' हे ऑपेरा फ्रान्समध्ये आविन्यों इथे झालं, त्याच्या संहितेचा बराच भाग नोल्स यांचा आहे. विसाव्या शतकातल्या रंगभूमीचा इतिहास त्या प्रयोगाला वगळून लिहिता येत नाही. विल्सन स्वतः लहानपणी अडखळत बोलत, आणि एका नृत्यशिक्षिकेने सावकाश बोलायला शिकवल्याने ते त्यातून बाहेर आले. त्या मुलाला दुरुस्त करायला हवं असं त्यांना वाटलं नाही, याचं मूळ मला तिथे दिसतं. नोल्स पुढे टाइपरायटरच्या अक्षरांतून चित्रं करणारे कलाकार म्हणूनही नावाजले गेले, कलादालनांत त्यांची प्रदर्शनं झाली. लेखक म्हणून त्यांचं नाव छापलं गेलं, हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे मानधनाबद्दल बोलायचं आहे.

आता हॉलमधल्या फरशीबद्दल. बोलता न येणारा आमचा एक मुलगा तालीमभर चालत असतो. पाठलाग करून त्याला खुर्चीवर बसवण्याऐवजी आम्ही तो जिथून जातो तिथे खडूने रेघ ओढत गेलो. हे सुचलं एका फ्रेंच माणसावरून. फर्नांद देलिन्यी यांनी १९६७ नंतर दक्षिण फ्रान्सच्या सेव्हेन डोंगराळ भागात, मोनोब्ले गावाजवळ, न बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलांसाठी वस्त्या उभ्या केल्या. तिथे मुलांसोबत राहणारे लोक डॉक्टर किंवा तज्ज्ञ नव्हते. कामगार होते, शेतकरी होते. मुलांच्या वावराचे नकाशे ते पारदर्शक कागदावर एकावर एक काढत. नकाशावरून मुलाचं निदान करायचं नाही, उपाय काढायचा नाही, हा देलिन्यींचा दंडक होता. मोठ्या माणसांनी बघायला शिकावं एवढ्यासाठी ते होते. मुलं कुठे वळतात, कुठे थबकतात, पाण्याजवळ किती वेळ राहतात, आणि मोठ्यांची रोजची कामाची वाट त्यांच्या वाटेला कुठे छेदते.

आमच्या फरशीवर आठवड्यामागून आठवडे रेघा साठल्या तेव्हा दिसलं, की तो मुलगा हॉलच्या मध्यावर कधीच येत नाही. कडेकडेने जातो, प्रत्येक खिडकीला हात लावतो आणि दाराच्या कोपऱ्यात गोल फिरतो. मी आयुष्यभर नाटकाचं ब्लॉकिंग मध्यापासून करत आले. महत्त्वाचा माणूस मध्यावर, बाकीचे त्याच्या भोवती. त्या रेघांवरून आम्ही पूर्ण प्रवेश कडेने बांधला आणि मधली जागा रिकामी सोडली. घरातला कर्ता माणूस गेल्यानंतरचा तो प्रवेश आहे. आता त्या मुलाला रंगमंचावर काही वेगळं करावं लागत नाही. तो त्याच्या वाटेने जातो, आणि इतर नटांना त्याची वाट माहीत असावी लागते.

मोठ्या जगात याहून पुढे गेलेले लोक आहेत. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरात १९८७ पासून बॅक टू बॅक थिएटर नावाची मंडळी आहे. तिचे नट बौद्धिक दिव्यांग किंवा न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे वेगळ्या घडणीच्या मेंदूचे, आहेत आणि नाटकं तेच रचतात. २०११ च्या त्यांच्या गाजलेल्या नाटकात आपला गणपती हिटलरच्या जर्मनीत स्वस्तिक परत मिळवायला निघतो. गणपतीच्या गोष्टीत मधेमधे त्याच नाटकाची तालीम येते. तिथे नट भांडतात: ही गोष्ट सांगायचा आपल्याला अधिकार आहे का, आणि दिग्दर्शक आमच्यावर हुकूम का गाजवतो? दिग्दर्शकाचा अहंकार तिथे उघडा पाडलेला आहे. या मंडळींना २०२२ चा आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार मिळाला, २०२४ मध्ये व्हेनिसच्या नाट्य बिएनालेत जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. हे दोन्ही सन्मान रंगभूमीचे आहेत, सेवाकार्याचे नाहीत.

आपल्याकडे काय आहे? जयवंत दळवींचं 'नातीगोती' आहे. त्यातल्या बौद्धिक दिव्यांग मुलाची, बच्चूची, भूमिका अतुल परचुरे यांनी केली आणि मराठी प्रेक्षक हादरला. मोठंच नाटक ते. पण त्याचं दुःख आईवडिलांच्या बाजूने सांगितलेलं आहे आणि मुलाची भूमिका करणारा नट स्वतः तसा नव्हता. त्या काळात दुसरं काही कुणाला सुचलं नसतं. २०१४ मध्ये महेश लिमये यांच्या 'यलो' चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ पडद्यावर स्वतः आली. २०२५ च्या 'सितारे जमीन पर' मध्ये दहा न्यूरोडायव्हर्जंट कलाकार होते. रंगभूमीवर स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलावंतांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' उभं केलं. म्हणजे मराठी माणसाला हे परकं नाही. फक्त दर वेळी एखाद्या माणसाच्या जिद्दीवर ते होतं आणि तिथेच राहतं.

एक गैरसमज मात्र जाता जाता दूर करायला हवा. ऑटिझम म्हटलं की वर्तमानपत्रांना एकदाच बघून अख्खं शहर कागदावर उतरवणारा चित्रकार हवा असतो, पन्नास वर्षांपूर्वीच्या तारखेचा वार सांगणारा मुलगा हवा असतो. बहुतेकांकडे असं काही नसतं. आमच्याकडची एक मुलगी तालीमभर कागदाच्या एकसारख्या पट्ट्या फाडते. त्या पट्ट्यांचं आम्ही नेपथ्य केलं, कारण त्या सुंदर आहेत. त्या सुंदर नसत्या तरी तिची तालमीतली जागा तिचीच असती. अचाट बुद्धीची अट घालून कुणाला कलेच्या दारात घ्यायचं ठरवलं, तर आपल्यातल्या किती नटांना आत येता येईल?

नाटकाने ऑटिझम बरा होतो असंही मी कुणा पालकाला सांगत नाही. तो आजार नाही. ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, विशेष शिक्षण यांची गरज ज्याची त्याला असते आणि ते काम त्या त्या तज्ज्ञांनी करावं.

आता आपल्या खात्याकडे येते. आपल्या स्पर्धांच्या यादीत हौशी मराठी, हिंदी, संस्कृत, संगीत नाटक आहे, बालनाट्य आहे आणि दिव्यांग बालनाट्यही आहे. दिव्यांग बालनाट्य स्पर्धा सुरू केल्याबद्दल मी संचालनालयाचे मनापासून आभार मानते. त्या रंगमंचावर मुलांना पाहून अनेक आईबापांनी पहिल्यांदा मान वर केली आहे. पण बालनाट्याचं वय संपतं आणि ऑटिझम संपत नाही. अठराव्या वर्षी विशेष शाळा सुटते, स्पर्धा सुटते, आणि काल ज्याला टाळ्या मिळाल्या तो घरात बसतो. अठरानंतर काय, हा प्रश्न आमच्याच जिल्ह्यातून वर्षानुवर्षं विचारला गेला आहे. वझ्झरचे शंकरबाबा पापळकर यांनी १२३ बेवारस दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं. अठरा वर्षांवरील अशा मुलांना कायम राहता यावं म्हणून कायदा करा, असं ते सरकारला सांगत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी तो प्रश्न निवाऱ्यासाठी विचारला. मी तोच कलेसाठी विचारते आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत तो आहे, आणि तो कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं २९ वं कलम सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनाबद्दल आहे. दिव्यांग कलाकार आणि लेखकांना सुविधा, आधार आणि प्रायोजकत्व द्यावं, कला त्यांच्या आवाक्यात आणावी, कलाविषयांचे अभ्यासक्रम त्यांना भाग घेता येईल असे नव्याने आखावेत, हे त्यात लिहिलेलं आहे. जबाबदारी सरकारची आणि स्थानिक प्राधिकरणांचीही आहे. म्हणजे मी दया मागत नाही.

माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. हौशी नाट्य स्पर्धेत मिश्र गटांना उतरता यावं, आणि त्यासाठी नियमांत थोडी जागा असावी. प्रयोगाच्या आदल्या दिवशी नटांना रंगमंच, मेकअपरूम आणि दिवे दाखवायला वेळ मिळावा. मदतनीस रंगमंचावर दिसला तर गुण कापले जाऊ नयेत. परीक्षकांना आधी कळवावं की नजर न मिळवणं, मध्येच थांबणं, हात हलवत राहणं हे अभिनयातले दोष धरायचे नाहीत. वेगळी स्पर्धा काढून त्यात सगळ्यांना बसवणं सोपं आहे, पण त्याने आमच्या नटांचं काही भलं होणार नाही आणि ज्या बदलाबद्दल इतकं लिहिलं तो इतर गटांपर्यंत पोचणारच नाही.

दर वर्षी प्रत्येक केंद्रावर, अमरावतीच्या सांस्कृतिक भवनात आणि अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहातही, विजेत्या नाटकाचा एक शांत प्रयोग व्हावा. इंग्लंडमध्ये याला रिलॅक्स्ड परफॉर्मन्स म्हणतात. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवायचे नाहीत, बंदुकीचे आणि फटाक्यांचे अचानक आवाज काढून टाकायचे, दार उघडं ठेवायचं, कुणी उठलं, फिरलं, आवाज केला तर हटकायचं नाही, आणि नाटकात काय काय होणार याची चित्रांची पुस्तिका आधी द्यायची. टाळ्यांऐवजी हात वर करून हलवायचे. याला फार खर्च लागत नाही. असा प्रयोग आम्ही करून पाहिला तेव्हा लहान बाळं असलेल्या बायका आल्या, कमी ऐकू येणारे आजोबा आले. एरवी नाट्यगृहात ज्यांना कानकोंडं व्हायला होतं ते सगळे आले. पार्श्वसंगीत कमी केल्यावर कुठला प्रवेश नुसत्या संगीतावर तरला होता तेही आम्हाला कळलं.

तिसरी गोष्ट मानधनाची. आपण उन्हाळ्यात प्रशिक्षण शिबिरं घेता. त्यांत एक शिबिर असं असावं जिथे स्थानिक दिग्दर्शक, चित्रकार, शाहीर आणि विशेष शिक्षक महिनाभर ऑटिस्टिक तरुणांबरोबर काम करतील. या सगळ्यांना मानधन द्यावं, आणि त्या तरुणांनाही. भागीदार म्हणून बोलावलेल्या माणसाला नुसतं प्रमाणपत्र आणि पेनसेट देऊन परत पाठवता येत नाही. ज्याच्या तोंडची चार गावं नाटकाचा कणा झाली, त्याचं नाव लेखनात छापलं जावं. ज्यांना होकार-नकार शब्दांत देता येत नाही त्यांचा नकार ओळखायला शिबिरात आधी शिकवावं. आमच्याकडे एकाचा नकार म्हणजे बूट घालणं. त्याने बूट घातले की त्या दिवशी त्याचा प्रवेश होत नाही, आणि त्याच्याशिवायचा प्रवेश कसा करायचा हे आम्ही बसवून ठेवलेलं आहे.

शक्य झाल्यास आपण एखाद्या रविवारी राजापेठेला यावं. आठवडाभर आधी कळवा आणि सोबत आपला एक फोटो पाठवा. नवा माणूस येणार असला की त्याचा फोटो आम्ही मुलांना आधी दाखवून ठेवतो. हार-तुरे, दीपप्रज्वलन, माईक यांपैकी काही ठेवणार नाही. तालीम दहाला सुरू होते. कृपया दहाच्या आधी पोचा, कारण घड्याळात दहा वाजले की आमच्याकडचा एक नट दार लावून घेतो आणि मग ते साडेअकरालाच उघडतं.

आपली,
एक नाट्यदिग्दर्शिका
राजापेठ, अमरावती